काठावरचा शब्द

"श्वास किती वेळ रोखून धरता येतो तुम्हाला?" भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आमच्या मालकांना विचारलं, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस फुशारकी मारणार.

"तुम्ही सांगाल तेवढा," मालक म्हणाले.

डॉक्टरबाईंचं नाव अमला बिरादार. वयानं माझ्यापेक्षा लहान, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलणं भराभर. उद्या मालकांच्या पोटाचं ऑपरेशन होतं, पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते, आणि भूल सोसेल की नाही ते बघायला त्या वॉर्डात आल्या होत्या. मनगटावरच्या घड्याळाकडं बघत त्या म्हणाल्या, "घ्या मोठा श्वास. आणि धरा."

मालकांनी चार-पाच वेळा छाती भरून घेतली, शेवटचा श्वास आत ओढला आणि डोळे मिटले. आजूबाजूच्या कॉटवरची माणसं गंमत बघत होती. मीही पदराआड हसत होते. भोयाच्या माणसाला श्वास रोखायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं.

मग हळूहळू माझं हसू ओसरलं. मालकांचा चेहरा रिकामा होत गेला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, ओठांवरची मिस्कील मुरड गेली, राग-लोभ काही उरलं नाही. चादरीवरचे हात आपोआप वीतभर वर उचलले गेले आणि बोटं फाकली. इतकी वर्षं मी या माणसाला पाण्यात शिरताना आणि पाण्यातून निघताना बघत आले होते. पण खाली गेल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते फक्त मेलेल्यांनीच बघितलं असणार. मी तो पहिल्यांदा बघितला तो भर दुपारी, कोरड्या कॉटवर.

"बास," डॉक्टरबाई म्हणाल्या. मालकांना ऐकू गेलं नाही. "अहो, बास म्हटलं मी."

मी त्यांच्या मांडीवर चापट मारली. "अवो, या की वर."

त्यांनी डोळे उघडले, श्वास सोडला आणि माझ्याकडं बघून हसले. "भ्याली का गं, शेवंते?"

"भेईन कशाला? तुमची मिजास बघत होते," मी म्हटलं. पण मी भ्याले होते.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाठीला नळी लावून छाती तपासली. "रोखता खूप वेळ, पण छाती वाजतेय. बिड्या ओढता ना? ऑपरेशननंतर जखम दुखते, माणूस भीत भीत अर्धाच श्वास घेतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो. त्यात तुमची ही अशी छाती. म्हणून उद्या तुम्हाला आधीपण ऑक्सिजन देणार आणि नंतरपण."

"आधी कशाला?"

"भूल दिली की थोडा वेळ तुमचा श्वास थांबतो, मग आम्ही नळी घालतो. तेवढ्या वेळापुरता साठा भरून घ्यायचा. मी तोंडावर मास्क धरीन, तुम्ही मोठे मोठे श्वास घ्यायचे. छाती गच्च भरून."

मालकांचा चेहरा उजळला. "म्हंजे बुडी मारायच्या आधी आम्ही घेतो तसंच की."

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या आता हसल्या. समजुतीला सोपा दाखला सापडला म्हणून त्यांना बरं वाटलं असणार. मलाही बरं वाटलं. आमच्या तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

"आन् दोर कोण धरनार?" मालकांनी विचारलं.

"मी धरीन."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. दोर दुसऱ्याच्या हातात देणं त्यांना आवडत नसे.

हे सगळं नीट कळायला आमचं काम सांगायला हवं. धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर आमची भोयांची वस्ती. सगळे मासे धरतात, आमचे मालकही धरायचे. पण विहिरीत, धरणात, नदीत कुणी बुडून गेलं आणि वर आलं नाही की पंचक्रोशीतून निरोप यायचा तो त्यांनाच. पोलीस यायचे, सरपंच यायचे, कधी नुसता रडणारा बाप यायचा. ते हातातला घास ठेवून उठायचे. त्या कामाचा मोबदला आम्ही कधी घेतला नाही. काढून दिलेल्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी सासऱ्यांपासून चालत आलेली रीत.

कमरेला दोर बांधून ते खाली जायचे. दोराचं दुसरं टोक काठावर माझ्या हातात. दोराला नुसता ताण आला की समजायचं, चाचपडतायत. झाडाझुडपात अडकले की दोर थरथरायचा. आणि एक सरळ, लांब ओढ आली की समजायचं, हाताला माणूस लागलं. मग मी ओढायला लागायचे.

वर आल्यावरची रीत सगळ्यात कडक. बुडी मारणाऱ्यानं ज्याला धरलं त्याला काठावरच्या माणसानं दोन्ही हातांनी धरायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "धरला." ठाऊक असेल तर नाव घेऊन म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्याशिवाय पाण्यातल्यानं मूठ सोडायची नाही. दम संपला तरी नाही. आणि काठावरच्यानं हातात काही नसताना तो शब्द उच्चारायचा नाही. कारण एकदा "धरला" म्हटलं की तो माणूस मेला हे नक्की झालं. तोवर घरच्यांना आशा असते. कुठंतरी लागला असेल काठाला, कुणीतरी नेला असेल उचलून. त्या एका शब्दानं सगळं संपतं. म्हणून तो खोटा म्हणायचा नसतो.

माझ्याआधी दोर धरायचा माझा भाऊ भानुदास.

भानुदास आणि आमचे मालक एका वैशाखात दुपारचे जाळं काढायला गेले होते. वळवाचा वारा सुटला आणि जुन्या गावाच्या घाटावर होडी उलटली. जुनं गाव म्हणजे धरणात गेलेलं. त्याच्या घाटाच्या पायऱ्या अजून पाण्याखाली आहेत. मालक काठाला लागले, भानुदास लागला नाही. मालकांनी त्या घाटावर किती बुड्या मारल्या त्याला मोजदाद नाही. घाटाची भिंत डाव्या अंगाला ठेवून, तिला हात घासत ते पायरी पायरी उतरायचे. घरी यायचे ते डाव्या हाताचं मागचं कातडं सोललेलं घेऊन. मी हळद भरायचे. ते काही बोलायचे नाहीत, मीही विचारायची नाही. लोकांची माणसं काढून देणाऱ्याला स्वतःच्या बायकोचा भाऊ सापडला नाही. उभ्या गावाला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडावर कुणी बोलायचं नाही.

आईनं मात्र सरळ सांगितलं. "सापडला न्हाई म्हंजे मेला न्हाई." जावयावर ती रागावली नाही. उलट त्यांच्यावर तिची माया वाढली, कारण त्यांना सापडला नाही हाच तिचा पुरावा होता. भानुदासाचं जाळं ती दर साली नव्या धाग्यानं नीट करून ठेवायची. विट्याकडं किंवा मुंबईकडं गेला असेल, येईल, म्हणायची. त्याचा दहावा नाही, तेरावा नाही, काही नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच बरं वाटायचं. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळायचे आणि मनात म्हणायचे, असेल कुठंतरी.

मालक एकदाच बोलले होते. जेवता जेवता म्हणाले, "त्यो तिथंच हाय, शेवंते." मी उठून आत गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही. ऑपरेशनच्या वेळी होडी उलटून पाच-सहा वर्षं झाली होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. आई आणि मी व्हरांड्यात बाकावर बसलो. आई भानुदासाचं जाळं, ते विणायचा धागा आणि फणी घेऊनच आली होती. हात रिकामे असले की तिला करमत नसे. दुपार झाली तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले की ऑपरेशन छान झालं, खडे बोरांएवढे होते. मी आईला म्हटलं, "बघ, म्हणून इतके दिवस चिडचिडे झालेले." आई म्हणाली, "त्ये पैल्यापासनंच हायत." आम्ही दोघी हसलो.

थोड्या वेळानं मार्था सिस्टर दारात आल्या. थोराड बाई, बोलायला गोड. "तुम्ही आत या जरा. तुमचा माणूस शुद्धीवर येतोय, पण ऐकत नाही. मास्क काढून टाकतो. तुमचा आवाज ओळखतील."

पायातल्या चपला काढून मी आत गेले. लहानशी खोली, दोन कॉट, त्यातली एक रिकामी. डोक्याशी ऑक्सिजनचं काळं नळकांडं आणि त्याला जोडलेली पाण्याची बाटली. त्या पाण्यातून बुडबुडे वर येत होते. बुडबुड बुडबुड असा एकसारखा आवाज. तिथून एक पातळ नळी निघून मालकांच्या तोंडावरच्या मास्कला गेली होती.

"हे पाणी कशाला?" मी विचारलं.

"नुसती हवा कोरडी लागते, घसा सुकतो. म्हणून पाण्यातून काढून देतात," सिस्टर म्हणाल्या.

पाण्यातून आलेली हवा. माझ्या अंगावर काटा आला, पण का ते तेव्हा कळलं नाही.

मालक उताणे पडले होते. मास्क हनुवटीवर घसरला होता. सिस्टरनी तो नीट बसवला. डोळे अर्धवट उघडे, पण बघत कुठंच नव्हते. चेहरा तोच. काल कॉटवर पाहिलेला, रिकामा. ओठ घट्ट मिटलेले.

"अवो," मी हाक मारली. "मी आलेय. झालं ऑपरेशन."

काही नाही. पायाच्या अंगठ्याला एक चिमटा लावला होता आणि त्याची वायर एका यंत्राला. ते यंत्र टुक टुक करत होतं.

"बाबा, श्वास घ्या," सिस्टर म्हणाल्या. "मोठा श्वास. हं, घ्या."

मी मालकांच्या छातीकडं बघितलं. छाती भरलेली होती आणि हलत नव्हती. यंत्राची टुकटुक बदलायला लागली. आवाज एकेक पायरी खाली उतरत होता. सिस्टरनी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. "बाबा, श्वास घ्या. अंगातला ऑक्सिजन उतरतोय तुमच्या." आणि दाराकडं वळून त्यांनी हाक मारली, "मॅडम, लवकर या."

तेवढ्यात माझी नजर मालकांच्या डाव्या हातावर गेली. कॉटच्या लोखंडी कठड्याला हाताची मागची बाजू लावून ते तो हळूहळू खाली सरकवत होते. थांबत होते. पुन्हा सरकवत होते. कठड्याच्या खिळ्याला लागून कातडं सोललं होतं, रक्ताची रेघ उमटली होती. तरी हात घासत होताच.

ते कुठं होते ते मला कळलं. भूल देताना त्यांना छाती भरून घ्यायला सांगितलं होतं, त्यांनी ती घेतली होती, आणि ते खाली गेले होते. जुन्या घाटाच्या पायऱ्या उतरत होते. माणूस खाली असताना श्वास घेत नाही. कितीही जवळच्यानं सांगितलं तरी घेत नाही.

डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी मास्क काढला, नळी उपसून रबरी फुग्याच्या मास्कला जोडली, मालकांची हनुवटी वर उचलली आणि तो मास्क तोंडावर दाबून फुगा दाबला. फुगा दबेचना. "हवा जात नाहीये. घसा आवळून घेतलाय." त्यांचा आवाज शांत होता, पण चष्मा नाकावर घसरला तरी त्यांनी तो सारला नाही. "सिस्टर, इंजेक्शन भरा. घसा सोडवून पुन्हा नळी घालावी लागेल."

मालकांचे ओठ जांभळे व्हायला लागले. मी हा रंग ओळखते. मी इतकी वर्षं काठावर उभी राहून हा रंग बघितला होता, दुसऱ्यांच्या माणसांच्या तोंडावर.

आणि त्यांचा उजवा हात एकदम वर आला. हवेत चाचपडला आणि ती ऑक्सिजनची नळी हाताला लागताच मूठ मिटली. अशी मिटली की मनगटाच्या शिरा दोरासारख्या उभ्या राहिल्या. बाटलीतली बुडबुड थांबली. खोलीत एकदम शांतता झाली, आणि मग बाटलीच्या झाकणातून बारीक शीळ वाजायला लागली. कुणीतरी लांबून, पलीकडच्या काठावरून घालावी तशी.

"नळी दाबून धरलीय त्यांनी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोडवा आधी. फुग्यात ऑक्सिजनच येत नाहीये."

सिस्टर धडधाकट होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी बोटं उलगडायचा प्रयत्न केला. एक बोटसुद्धा हललं नाही. मालकांनी ती मूठ आपल्या छातीकडं ओढली. एक सरळ, लांब ओढ.

हाताला माणूस लागलं होतं.

त्या घाटावर कोण होतं ते मला माहीत होतं. तिथं एकच माणूस राहिला होता. आणि मालक त्याला आता सोडणार नव्हते. इतक्या वर्षांनी सापडलेला, माझा भाऊ, त्यांनी हातात धरला होता, आणि तो माझ्या हातात दिल्याशिवाय मूठ उघडायची नाही, हा त्यांचा धर्म होता. दम संपला तरी नाही.

मी पुढं झाले. "सिस्टर, तुम्ही सोडा."

"बाई, वेळ नाहीये."

"म्हणूनच सोडा."

मी मालकांच्या मुठीखाली दोन्ही हात धरले. काठावर ओणवं होऊन धरायचे तसे. तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि म्हटलं, "धरला. सोडा आता."

मूठ सुटली नाही. यंत्राचा आवाज आता खर्जात गेला होता, मध्ये मध्ये थांबायला लागला होता. डॉक्टरबाई सिस्टरनी भरून दिलेल्या सुईची हवा काढत होत्या.

मी लबाडी केली होती आणि ती त्यांना खालीसुद्धा कळली होती. मी नाव घेतलं नव्हतं. नाव न घेता म्हटलं तर भानुदास कुठंतरी असू शकत होता. विट्याला, मुंबईला. नाव घेतलं की मी माझ्या तोंडानं त्याला मारणार होते. बाहेर बाकावर आई त्याच्या जाळ्याची गाठ मारत बसली होती. आणि इथं माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता. मला भावाचा राग आला. मेल्या माणसाचा येतो तसा राग, की इतकी वर्षं सापडला नाहीस आणि आज याला धरून बसलास.

"भानुदासला धरला," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, काठावर म्हणतात तसं. "दोन्ही हातांनी धरला. माझा भाऊ मी धरला, आता सोडा तुम्ही. या वर."

मूठ उघडली.

माझ्या तळहातांवर काहीतरी पडलं. गार, ओलं. आणि जड. इतकं जड की माझे हात कॉटच्या कडेवर आदळले. मी खाली बघितलं तर नळी होती. पाण्यातून येणाऱ्या हवेनं आतून बाहेरून दमट झालेली, बोटाएवढी नळी. बाटली पुन्हा बुडबुडायला लागली, शीळ थांबली. आणि मालकांनी तोंड उघडून श्वास घेतला. पाण्यातून डोकं वर काढल्यावर घेतात तो, सगळ्या अंगानं आत ओढलेला, घशातून आवाज करत येणारा.

"गेली हवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. हातातलं इंजेक्शन त्यांनी तसंच ट्रेमध्ये ठेवलं. "सिस्टर, ऑक्सिजन वाढवा. पूर्ण."

त्यांनी फुगा दाबला, तो दबला. पुन्हा दबला. यंत्राचा आवाज पायरी पायरीनं वर यायला लागला. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरबाई त्या खोलीतून हलल्या नाहीत. मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं. भुलीची घशातली नळी काढल्यावर कधी कधी घसा असा आवळतो, बिडी ओढणाऱ्यांत जास्त. कधी आपोआप सुटतो, कधी औषधानं सोडवावा लागतो. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला भलतंसलतं दिसतं. अंगात आधीपासून साठा भरलेला होता म्हणून इतका वेळ निभावलं. "तुम्ही काय म्हणालात हो त्यांना?" त्यांनी विचारलं.

"आमच्यातली रीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी जास्त विचारलं नाही. चांगली बाई होती. त्या सांगत होत्या ते सगळं खरं असणार आणि मी मान डोलावली. फक्त नळीला वजन नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक वॉर्डात उशीला टेकून बसले होते. नाकात दोन बारीक नळ्या, चेहरा उतरलेला पण निवांत. इतक्या वर्षांत मी त्यांना असं निवांत बघितलं नव्हतं. मी चमच्यानं पाणी पाजत होते.

"जड न्हवता," ते म्हणाले.

माझा चमचा थांबला. "काय?"

"भानुदास. मला वाटलं व्हतं जड लागंल. इतक्या वर्सांचा. पर जसा व्हता तसाच व्हता. वाढला न्हाई."

"कमी बोला. टाके दुखतील."

"एकला न्हवता तिथं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारात कोण कोण भेटलं ते सांगावं तसा. "आजवर मी काढली ती समदी पायऱ्यांवर बसलेली. बायाबापड्या, पोरं, त्यो वीटभट्टीवाला, समदी. मी म्हटलं, तुमास्नी तर वर काढून दिलं व्हतं. कोन काय बोललं न्हाई. कडंला सरकली आन् वाट दिली मला."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. खिडकीतून ऊन येत होतं, शेजारच्या कॉटपाशी बसलेली बाई केळं सोलत होती, आणि मला थंडी वाजत होती.

"डोळं मिटल्यालं व्हतं त्याचं," ते म्हणाले. "मामीस्नी सांग. त्यांना त्येवढंच बरं वाटंल." आमचे मालक माझ्या आईला मामी म्हणायचे, ती त्यांची सख्खी मामीच. "सांगितलंस का त्यांना?"

मी त्यांना सांगू शकले असते. अवो, ते स्वप्न होतं, भुलीचं. तुमच्या हातात रबराची नळी होती आणि माझ्याही. हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण त्यांची छाती एका लयीत वरखाली होत होती आणि ती बघण्यात मी सगळं विसरले. हा माणूस परत खाली गेला असता तर त्याला आणायला माझ्याकडं दुसरा भाऊ नव्हता.

"सांगते," मी म्हटलं.

आई व्हरांड्यात बाकावर जाळं विणत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. कसं सांगावं ते ठरवून आले नव्हते. "आई, भानुदास सापडला," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. मान वर केली नाही. "कुनाला?"

"ह्यांना. जुन्या घाटावर."

जावई कालपासून कॉटवरून उठलेला नाही, हे तिला माहीत होतं. ती वेडी नव्हती. मला वाटलं आता ती मला विचारेल, हसेल किंवा मुस्काटात मारेल.

"धरला कुनी?" तिनं विचारलं.

"मी."

"दोनी हातांनी?"

"दोन्ही हातांनी."

"नाव घिऊन?"

"नाव घेऊन. डोळे मिटलेले होते त्याचे."

आईनं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले आणि तळव्यांकडं बघत राहिली. त्यात तिला काय दिसलं ते मला आजवर कळलेलं नाही. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून हॉस्पिटलच्या मागच्या नळाकडं चालायला लागली. मी तिच्या मागं गेले.

नळावर रोग्यांच्या घरच्या बाया डबे घासत होत्या. आई त्यांच्यामधून पुढं गेली आणि नळाखालच्या दगडावर नेसल्या लुगड्यानिशी बसली. कुणी गेल्याचं कानावर आलं की आमच्यात अंगावरच्या कपड्यानिशी पाणी घ्यायचं असतं. ते तिनं इतकी वर्षं घेतलं नव्हतं. तिनं केस मोकळे सोडले आणि म्हणाली, "घाल पानी."

एका बाईनं आपला तांब्या माझ्या हातात दिला. दुसरी डबा बाजूला ठेवून जवळ आली. "काय झालं, आजी? कोण गेलं?"

"माजा ल्योक," आई म्हणाली.

"अगं बाई," ती म्हणाली. "कधी?"

आईनं तोंड वर करून माझ्याकडं बघितलं.

"काल," मी त्या बाईला म्हटलं, आणि भरलेला तांब्या आईच्या डोक्यावर ओतला.